आळीलाही वारसा-दर्जा हवा

रत्नागिरीतील लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान आणि थिबा राजवाडा या वास्तू राज्याच्या पुरातत्त्व विभागाने जपल्या आहेत, याचा मला अभिमान वाटतो. परंतु जांभ्याच्या चिऱ्यांची, मंगलोरी कौलांची, ओटी-पडवी-माजघर अशा मांडणीची जी साधी घरे मिळून एखादी आळी घडते, त्यांच्या वाट्याला असे संरक्षण क्वचितच येते.

राज्याच्या १९६० च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यानुसार शासन राजपत्रात दोन महिन्यांची सूचना देऊन हरकती मागवते आणि त्यानंतरच वास्तू संरक्षित घोषित करते. विकास नियंत्रण नियमावलीतील वारसा यादी हा दुसरा मार्ग आहे; तिच्यात एकट्या इमारतीप्रमाणे संपूर्ण परिसरही घेता येतो, म्हणून आळीसाठी मला तोच अधिक योग्य वाटतो.

खरी अडचण संमतीची आहे. कोकणातील एकेका घराच्या मिळकत पत्रिकेवर अनेक हिस्सेदारांची नावे असतात, त्यांतील बरेचसे मुंबईला असतात, आणि दर्जा मिळाला की दुरुस्तीही करता येणार नाही अशी भीती त्यांना वाटते. प्रत्यक्षात परवानगीने दुरुस्ती करता येते. म्हणून गणपतीला सारे गावी येतात तेव्हाच आळीची बैठक घ्यावी, नियम वाचून दाखवावेत आणि घरांची छायाचित्रे व उतारे एकत्र करण्यास तेथूनच आरंभ करावा.