एन्कार्नासिओन आल्सोना

आजची दुपार एन्कार्नासिओन आल्सोना या फिलिपिनो इतिहासकार बाईंबद्दल वाचण्यात गेली, आणि अजून मन तिथून निघत नाहीये.

1895 साली लागुना प्रांतातल्या बिन्यानमध्ये जन्म. 1923 मध्ये कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी., आणि ती मिळवणाऱ्या पहिल्या फिलिपिनो महिला. परत येऊन त्यांनी मनिलात इतिहास शिकवला, देशातल्या शिक्षणाचा इतिहास लिहिला. युनेस्कोत देशाचं प्रतिनिधित्व केलं, पुढे राष्ट्रीय इतिहास आयोगाचं अध्यक्षपदही सांभाळलं.

पण मला सगळ्यात भिडलं ते स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्यांनी लेखणी चालवणं. 1935 च्या राज्यघटनेनं अट घातली होती: किमान 3 लाख स्त्रियांनी 'हो' म्हटलं तरच हक्क मिळेल. पुरुषांना अशी परीक्षा कुणी घातली होती का? 30 एप्रिल 1937 ला 4 लाख 47 हजारांहून जास्त बायकांनी होकार दिला! आकडा वाचून अक्षरशः अंगावर काटा आला.

2001 मध्ये त्या गेल्या, वयाच्या 105 व्या वर्षी. आपल्या शाळेच्या पुस्तकांत आशियातल्या अशा बायका का नसतात? मुलीला रात्री जेवताना हे सगळं सांगितलं, तिने पहिला प्रश्न विचारला, "आपल्याकडे कधी मिळाला मग?"