मिरी, पायपुसणं आणि लॉनचा तुकडा

मिरी या कुत्र्याच्या पिल्लाला घरी आणलं ते ऐन जुलैत. वारज्यात तिसरा मजला, बाहेर धो धो पाऊस, आणि डॉक्टरांनी बजावलेलं, "लसी पुऱ्या होईपर्यंत खाली सोडायचं नाही." पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि लसींचे डोस पिल्लू साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत चालतात. मिरी जेमतेम दोन महिन्यांची, गावठी, काळी कुळकुळीत. म्हणजे शी-शू सगळं घरातच.

जो तो सांगत होता, रद्दी पसरा. मी नाही पसरली. या वयात पायाखाली जे लागतं त्याचीच पिल्लाला सवय होते. कागदाची झाली, की पुढे मातीवर नेलं तरी ते घरी येऊन कागद शोधणार. आणि आमच्याकडे बाबांचा पेपर दुपारपर्यंत जमिनीवरच लोळत असतो! म्हणून उरुळी कांचनच्या एका नर्सरीतून लॉनचा तुकडा आणला, ट्रेमध्ये बसवला आणि बाल्कनीत ठेवला.

बाईसाहेबांना पसंत पडलं ते पायपुसणं. मऊ, दमट, पाणी शोषून घेणारं. तिच्या लेखी तेच गवत. घरातली सगळी पायपुसणी माळ्यावर गेली आणि भर पावसाळ्यात आम्ही घरभर ओले ठसे उमटवत हिंडलो.

खरा खेळ घड्याळाचा. वय जितके महिने त्यात एक मिळवा, फार तर तितके तास पिल्लू कळ काढतं. जागं असताना तेवढंही नाही. उठलं की, खाल्लं की, खेळून झालं की न्यायचंच. मस्ती करता करता मध्येच थांबून नाक फरशीला लावून गोल फिरायला लागली, की उचला. यात आई सगळ्यांत तरबेज निघाली. "घरात कुत्रं नको" म्हणणारी हीच! ओट्याकडे तोंड करून पोळ्या लाटता लाटता ओरडायची, "अरे, चहा राहू दे, तिला ने आधी." पाठीमागचं कसं दिसायचं देव जाणे.

ट्रेमध्ये शू झाली की पनीरचा तुकडा तिथल्या तिथे, बाल्कनीतच. आत येऊन दिला तर तिला वाटतं, आत आल्याचं बक्षीस आहे.

शेजारचे काका म्हणाले, "नाक घासा एकदा, परत नाही करणार." परत करतं, फक्त सोफ्यामागे जाऊन, आपल्याला दिसणार नाही असं. फिनेलचाही उपयोग नाही. आपल्याला फिनेलचा वास येतो, तिला त्याखालचा. एन्झाइमवालं क्लीनर महाग पडतं, पण वास तोडतं तेच.

ऑक्टोबरात लसी संपल्या, रेबीजचं सर्टिफिकेट जोडून महापालिकेचा परवाना काढला आणि मिरी खाली उतरली. खाली सगळीकडे पेव्हर ब्लॉक. ढिम्म हलेना. शेवटी पार्किंगच्या मागे करंजाखाली मातीचा पट्टा सापडला. शू झाल्यावर लगेच वर आणायचं नाही, थोडं फिरवायचं; नाहीतर शू केली की मजा संपते हे तिच्या लक्षात येतं आणि ती मुद्दाम रोखून धरते.

लिफ्टमध्ये कुणी "कोण आलंय बघू" म्हणालं, की आनंदाने दोन थेंब अजून सांडतात. ते मुद्दाम नसतं, रागावलं तर वाढतं, आणि बहुतेक पिल्लांचं मोठं होता होता जातं म्हणतात. तोवर माझ्या खिशात जुना नॅपकिन असतो.