तीन मिनिटांची मर्यादा

संगणकावर कोणते ॲप्लिकेशन किंवा संकेतस्थळ किती वेळ वापरले याची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर आमच्या विभागात मीच बसवले होते. त्यामुळे त्या दिवशीचा अहवाल हाती आला, तेव्हा ही दुसऱ्या कोणाची तरी अडचण आहे असे मला म्हणता येईना. करारांचे मसुदे तपासणाऱ्या आमच्या ज्येष्ठ सहकारी मॅडमच्या नावापुढे आठ तासांपैकी ३ तास २० मिनिटे ‘सक्रिय’ आणि बाकीचा सगळा वेळ ‘अनुपस्थित’ असे छापून आले होते. व्यवस्थापकांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, “त्यांच्याशी बोलण्याआधी तुम्ही एकदा मूळ नोंदी पाहा. संध्याकाळपर्यंत मला सांगा.” त्यांनी थेट मॅडमना बोलावून घेतले नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी आजही आदर वाटतो.

अशा सॉफ्टवेअरमध्ये दोन कामे एकाच वेळी चालू असतात. एक भाग पडद्यावर सर्वांत पुढे असलेल्या खिडकीचे (विंडोचे) नाव आणि शीर्षक टिपत राहतो. दुसरा भाग कीबोर्डला किंवा माउसला शेवटचा स्पर्श होऊन किती वेळ झाला एवढेच पाहतो, आणि तो वेळ ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की शेवटच्या स्पर्शापासूनचा सगळा काळ मागे जाऊन ‘अनुपस्थित’ म्हणून लिहितो. ही मर्यादा आमच्याकडे तीन मिनिटांची होती. ॲक्टिव्हिटीवॉच या अशाच नोंदी ठेवणाऱ्या मुक्तस्रोत (ओपन सोर्स) साधनातही ती सुरुवातीला १८० सेकंदच असते, त्यामुळे आकडा काही जगावेगळा नव्हता. बसवताना समोर जो आकडा आला तो मी तसाच ठेवला होता. कोणाचे काम कशा प्रकारचे आहे, याचा विचार तेव्हा केला नव्हता.

मॅडमच्या सकाळच्या नोंदी मी ओळीने वाचू लागले. ११ वाजून ४ मिनिटांपासून ११ वाजून ५१ मिनिटांपर्यंत, म्हणजे सलग ४७ मिनिटे, पुढे एकच पीडीएफ फाइल होती आणि तिचे शीर्षक एकदाही बदललेले नव्हते. त्याच ४७ मिनिटांत दुसऱ्या भागाने मात्र दहा वेळा काही सेकंदांची हालचाल आणि प्रत्येक दोन हालचालींच्या मध्ये चार-साडेचार मिनिटांची अनुपस्थिती लिहिली होती. काय झाले असावे हे तिथेच माझ्या लक्षात आले. त्या एक पान वाचायला चार-साडेचार मिनिटे घेत होत्या आणि मग माउसने पुढच्या पानावर जात होत्या. एखाद्याने तेच पान अडीच मिनिटांत वरवर वाचून पुढे ढकलले असते, तर त्याची सगळी ४७ मिनिटे ‘सक्रिय’ धरली गेली असती, कारण दोन स्पर्शांमधले अंतर मर्यादेच्या आत राहिले असते. मॅडमच्या हिशेबात त्यातले एक मिनिटही धड जमा झाले नव्हते. वेळ थोडा कमी-जास्त मोजला गेला एवढ्यावर हे थांबत नव्हते. सावकाश वाचणाऱ्या माणसाचे वाचन मुळातच पुसले जात होते, आणि नेमके सावकाश वाचणे हेच त्यांचे काम होते.

तरी हा माझा तर्कच होता, म्हणून मी त्यांच्या टेबलापाशी गेले आणि सगळे स्पष्ट सांगितले. त्यांनी काही न बोलता आपली वही उघडून दिली. डाव्या बाजूला कलमांचे क्रमांक, उजवीकडे बारीक अक्षरात शंका, आणि एका कलमाभोवती पेन्सिलीने दोनदा काढलेली चौकट. हस्तांतरणाच्या त्या कलमातली मुदत पुढच्या परिशिष्टातल्या मुदतीशी जुळत नव्हती. फाइलमधली त्याबद्दलची टिप्पणी ११ वाजून ५२ मिनिटांनी जतन झालेली होती. सॉफ्टवेअरच्या लेखी त्याआधीचा जवळजवळ पाऊण तास त्या जागेवर नव्हत्याच.

अहवालात आणखीही काही दोष निघाले. ब्राउझरसाठी वेगळे एक्स्टेन्शन, म्हणजे त्याला जोडायचा छोटा प्रोग्राम, बसवलेले नसल्याने संकेतस्थळांचे पत्ते नोंदले जात नव्हते आणि त्यांचा कायद्याच्या संदर्भांचा शोध ‘अवर्गीकृत’ रकान्यात पडला होता. यादीत सर्वांत वर असलेल्या सहकाऱ्याचा बराचसा वेळ संदेशांना उत्तरे देण्यात गेला होता. त्यांनीही आपले कामच केले होते, पण त्यांच्या कामात बोटे सतत चालतात.

दुपारी मी तोच दिवस पुन्हा मोजला. पुढे दस्तऐवज असताना पंधरा मिनिटांहून लहान असलेली प्रत्येक पोकळी वाचनात धरली. ‘सक्रिय’ वेळ ६ तास ३५ मिनिटे भरला, आणि उरलेल्यात पाऊण तासाची बैठक व ४० मिनिटांची जेवणाची सुट्टी होती. दोन्ही कागद आणि वहीतल्या त्या पानाची प्रत मी व्यवस्थापकांपुढे ठेवली. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि विचारले, “मग पंधरा मिनिटे ठेवली तर हे अहवाल बरोबर येतील का?” मी नाही म्हणाले. पंधरा मिनिटांची मर्यादा वाचणाऱ्याला न्याय देईल, पण दहा मिनिटे जागेवरून उठून गेलेल्यालाही कामावर धरेल. कोणताही आकडा ठेवला तरी मोजला जातो तो हातांचा स्पर्शच. व्यक्तीच्या नावाने अहवाल काढणे त्याच आठवड्यात थांबले आणि प्रत्येकाच्या नोंदी फक्त त्याच्याच संगणकावर राहतील अशी व्यवस्था मी करून दिली.

मॅडमनी आपला तो दिवस पाहायला मागितला. दिवसभराच्या नोंदींच्या दुरुस्त केलेल्या वेळपट्टीवरून बोट फिरवत त्या १ वाजून १० मिनिटांपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “इथे मी खरोखरच जेवायला गेले होते. एवढे अनुपस्थित राहू द्या.”