उजवा खांदा

मंगळवार, रात्र

आज एक्स-रेमध्ये हाड धरल्याचं स्पष्ट दिसलं. मोडलेल्या जागेभोवती पांढुरका फुगवटा आलाय. डॉक्टरांनी फिल्मवर पेनाचं टोक ठेवून दाखवलं, "हा कॅलस. इथूनच नवीन हाड तयार होतं." आर्म पाउच निघाला. हात अजून खांद्याच्या वर जात नाही, पण हे मी उजव्या हातानंच लिहितोय. हाड आपलं आपण जुळतं हे खरं, पण ते जुळेपर्यंत माणसाला कुणीतरी सांभाळावं लागतं. मला ज्यांनी सांभाळलं त्यांच्याबद्दल आज लिहायचंच आहे.

मी मोटरसायकलवरून पडलो तो रेसिंग ट्रॅक चेन्नईजवळ, इरुंगाट्टुकोट्टईचा. 3.7 किलोमीटर, 12 वळणं. सोलापुरातून आम्ही तिघं गेलो होतो: मी, अक्कलकोट रोडला गॅरेज असलेला मित्र आणि पूर्व भागातला, घरचे यंत्रमाग चालवणारा आमचा अण्णा. उजवं वळण होतं, गाडी पूर्ण झुकलेली होती आणि पुढच्या चाकाची पकड सुटली. याला रायडर लोक लो-साइड म्हणतात. गाडी झुकलेल्या बाजूलाच खाली बसते आणि घसरत जाते. हाय-साइड याहून वाईट. त्यात मागचं चाक आधी घसरतं, मग एकदम पकड घेतं आणि माणसाला वर उडवून फेकतं. लेदर सूट आणि बॅक प्रोटेक्टरमुळे माझी कातडी आणि पाठ शाबूत राहिली. खांदा मात्र आधी टेकला, आणि तो धक्का सरळ कॉलरबोनमध्ये, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडात जातो. मोटरसायकलवाल्यांचं हे नेहमीचंच फ्रॅक्चर. सगळ्यांना थांबवणारा लाल झेंडा लागला, ट्रॅकवरचे मार्शल धावत आले, पुढचं सगळं झटपट झालं. हाडाची टोकं फारशी सरकली नव्हती, त्यामुळे प्लेट टाकावी लागली नाही.

खरी परीक्षा परतीच्या गाडीत होती. अण्णा माझ्यासोबत रेल्वेनं आला. मला खालचा बर्थ दिला आणि स्वतः वाटेच्या बाजूला, माझ्या खांद्याशी, बॅगेवर बसून राहिला. येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का लागू नये म्हणून. गुंतकल गेलं, रायचूर गेलं, वाडी गेली, तो जागाच. मी म्हणालो, "आडवा हो थोडा." तर म्हणाला, "तू झोप की बे गप." गॅरेजवाला तिकडे टेम्पोत मोडकी गाडी घालून चित्रदुर्ग, होस्पेट, विजापूर असा रस्त्यानं येत होता.

घरी आल्यावर कळलं की उजवा हात गेला की माणसाचं काय काय जातं. शर्ट घालणं, आंघोळ, दाराची कडी. कडक भाकरी एका हातानं मोडत नाही. अण्णाची अम्मा दुपारी डबा घेऊन यायची, भाकरी आमटीत कुस्करून, शेंगाचटणी कालवून माझ्या डाव्या हाताशी ठेवायची आणि आईशी बोलत बसायची. आई त्या दिवसांत गाडीबद्दल एक शब्द काढत नव्हती. अम्मानं तिला बोलतं केलं. दोघी तेलुगू-मराठीत काय बोलायच्या ते सगळं मला कळायचं नाही, पण अम्मा गेल्यावर आईचा चेहरा मोकळा झालेला असायचा. अम्माचे हे उपकार माझ्यावरच्या उपकारांहून मोठे आहेत.

मला घाई झाली होती. 2013 साली नेदरलँड्समध्ये असेनला गुरुवारी कॉलरबोन मोडलेला मोटोजीपी रेसर हॉर्हे लोरेन्झो बार्सिलोनाला जाऊन प्लेट टाकून आला आणि शनिवारी शर्यतीत पाचवा आला, हे मी सगळ्यांना ऐकवत होतो. गॅरेजवाल्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पुढचं पण सांग की. दोन आठवड्यांनी जर्मनीत परत पडला आणि ती प्लेट वाकली. त्याच्यामागं डॉक्टरांची फौज होती. तुझ्यामागं आम्ही आहोत." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, जायचंच होतं मला. होम मैदानावरच्या त्या गर्दीत मोडका खांदा घेऊन जाणं म्हणजे वेडेपणा, असं सगळे म्हणाले, आणि संध्याकाळी सगळेच न्यायला आले. चौघं माझ्या चारी बाजूंनी चालत होते. पाळण्यांपर्यंत जाऊन भजी खाऊन आलो. खांद्याला कुणाचं बोटही लागलं नाही.

पण भीतीचं काय करायचं, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. पाउचमध्ये हात असतानाच एकदा दुसऱ्या एका मित्राच्या मागं बसून सात रस्त्याला गेलो. गाडी उजवीकडे वळली आणि माझं अंग लाकडासारखं ताठ झालं. दात आवळले गेले. डावीकडे वळताना काहीच नाही, फक्त उजवीकडे. मी कुणाला सांगितलं नाही, पण मागं बसलेल्याचं अंग पुढच्याला कळतंच.

हा मित्र बँकेत आहे, ट्रॅक त्यानं कधी पाहिलेला नाही. तो रोज संध्याकाळी मला कंबर तलावाकाठी न्यायला लागला. बसवायचा आणि म्हणायचा, सांग, पहिल्या वळणापासून सांग. ब्रेक कुठं लावतोस, गुडघा कधी बाहेर काढतोस, नजर कुठं असते. मी सांगत जायचो आणि ज्या वळणावर पडलो तिथं येऊन थांबायचो. तो म्हणायचा, "मग?" मी गप्प. तोही गप्प बसायचा, सुटका करायचा नाही. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. एका संध्याकाळी मी ते वळण बोलून पार केलं. हँडल हलकं झालं तो क्षण, कानातला घासल्याचा आवाज, आकाश, मग मार्शलचे बूट. हात थरथरत होते, पण सांगून झालं. घरी जाताना त्यानं जुळे सोलापुरातल्या मोकळ्या रस्त्यावर गाडी उजवीकडे वळवली, मग परत उजवीकडे, चौकोनात फिरवत राहिला, अगदी हळू. माझं अंग सुटेपर्यंत.

"काळजी करू नको, सगळं ठीक होईल" हे वाक्य यांच्यातल्या एकाच्याही तोंडून मी ऐकलं नाही. "सोड आता हा नाद" असंही कुणी म्हणालं नाही. हे दुसरं न म्हणणं मला जास्त मोलाचं वाटतं.

खर्चाचं वेगळंच आहे. ट्रॅकवरचं नुकसान नेहमीच्या विम्यात बसत नाही, हे जाण्याआधीच ठाऊक होतं. हेल्मेट बदलावंच लागणार. बाहेरून नुसते ओरखडे दिसतात, पण आतलं थर्माकोल एकदाच दबतं आणि त्यातच त्याचं काम संपतं. नव्या हेल्मेटसाठी यांनी गुपचूप पैसे जमवले होते. मी घेतले नाहीत, त्यावरून परवा मोठा वाद झाला. शेवटी असं ठरलं की सुटे भाग आणि हेल्मेट माझ्या पैशानं, मजुरी कुणी मागायची नाही. सूटचा फाटलेला खांदा नव्या पेठेतल्या चामड्याच्या कारागिराकडे दिलाय.

अजून काही आठवडे गाडी चालवायची नाही. थ्रॉटल आणि पुढचा ब्रेक दोन्ही उजव्या हातात, आणि जोरात ब्रेक लावला की अंगाचा सगळा भार मनगटातून खांद्यावर येतो. तोवर फिजिओनं दिलेला व्यायाम: टेबलाला टेकून पुढं वाकायचं, हात खाली सैल सोडायचा आणि लहान गोल फिरवायचे. पुढच्या ट्रॅक डेला अण्णा एकटा उतरणार आहे. मी स्टॉपवॉच घेऊन पिटमध्ये असणार. तिकिटं काढून झाली आहेत, या वेळी वरचा बर्थ माझा. नवा ब्रेक लिव्हर आलाय. उद्या दुकान बंद झाल्यावर गॅरेजला जायचंय.