विहिरीची वेलांटी

ग्रामसभा १ मेला होती आणि ३० एप्रिलला दुपारी एकपर्यंत फ्लेक्सवाल्याला फाइल द्यायची होती. सहा विहिरींची वर्षभराची मापं, मॅटप्लॉटलिब या पायथॉनमधल्या आलेख काढायच्या साधनात काढलेला आलेख, काम झाल्यातच जमा होतं. दर पंधरवड्याला टेप सोडून ही मापं घेणाऱ्या ताई सकाळी ऑफिसात आल्या होत्या, म्हणून त्यांना स्क्रीन दाखवली.

शाळेजवळच्या विहिरीची रेघ त्यांनी बोटानं धरली. "सर, मार्चात पाणी चढलंय होय? मला तर टेप जास्त सोडावा लागला."

माझ्या पोटात गोळा आला. माप होतं काठापासून पाण्यापर्यंतच्या खोलीचं. ऑक्टोबरात ३ मीटर, मार्चात ९. अक्षावर आकडे खालून वर वाढतात, म्हणजे विहीर आटत होती तसतशी रेघ वर जात होती. असा फ्लेक्स चावडीवर लागला असता तर! 'इन्व्हर्ट वायॲक्सिस' ही एक ओळ घातली, शून्य वर गेलं, तिथं जाड तपकिरी रेघ ओढून 'काठ' लिहायला घेतलं. इंग्रजी लेबलंही त्याच दमात मराठी करून टाकली.

सगळीकडे चौकोन आले. मॅटप्लॉटलिबच्या मूळच्या डेजाव्हू सॅन्स फॉन्टमध्ये देवनागरी नाही. नोटो सॅन्स देवनागरी जोडला, चौकोन गेले, अक्षरं आली. पण 'विहिरीतील पाण्याची पातळी' वाचवेना. 'वि'ची वेलांटी 'व'च्या पुढे जाऊन 'ह'ला चिकटली होती, 'हि'ची 'री'ला. 'पाण्याची' तर 'पाण्‌याची' झालं होतं, पाय मोडलेला 'ण' सुटा. मी फॉन्ट बदलत बसलो, मुक्ता घेतला, तरी तेच. त्यात अर्धा तास गेला. दोष फॉन्टचा नव्हताच. माझ्याकडची आवृत्ती अक्षरं टंकलेल्या क्रमानं नुसती एकापुढे एक ठेवत होती. ऱ्हस्व वेलांटी टंकताना व्यंजनानंतर येते पण दिसते आधी, ही जुळणी ती करतच नव्हती.

शेवटी अक्षरं मॅटप्लॉटलिबला काढूच द्यायची नाहीत असं ठरवलं. आलेख एसव्हीजी या चित्राच्या फाइल-प्रकारात साठवला आणि 'एसव्हीजी.फॉन्टटाइप' ही सेटिंग 'नन' (none) केली. त्यामुळे मजकूर आकृती न होता मजकूरच राहतो. ती फाइल इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये उघडली, तो ही जुळणी करतो. 'विहिरीतील' सरळ, 'पाण्याची'चा 'ण्या' जोडलेला! तिथूनच पीडीएफ काढली, आणि काढताना मजकुराच्या आकृत्या करून घेतल्या, म्हणजे दुकानातल्या संगणकावर हा फॉन्ट नसला तरी काही बिघडणार नव्हतं. आकडेही देवनागरी केले. त्याला फॉरमॅटरचं, म्हणजे अक्षावरचे आकडे कसे लिहायचे ते सांगणारं, चार ओळींचं फंक्शन पुरलं.

पाऊण वाजता एक प्रत कागदावर छापली. ताई डबा खात होत्या. हात धुऊन आल्या, मोठ्यानं शीर्षक वाचलं, मग काठापासून बोट खाली खाली नेत मार्चवर थांबल्या.

"हां. इथं टेकला होता माझा टेप."

गाडीची किल्ली घेऊन मी फ्लेक्सवाल्याकडे पळालो.