डायरेक्ट कनेक्टचं अधिकारपत्र आणि दोन इमारतींमधली फरफट

एडब्ल्यूएसची, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची, खासगी लाइन (डायरेक्ट कनेक्ट) घ्यायची म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, तुमचा रॅक, म्हणजे सर्व्हरचं कपाट, कुठल्या इमारतीत आहे? ती इमारत अ‍ॅमेझॉनच्या डायरेक्ट कनेक्ट ठिकाणांच्या यादीत असेल तर नशीबवान आहात. आमची नव्हती. रॅक नवी मुंबईत, पोर्ट (अ‍ॅमेझॉनच्या बाजूची जोडणीची जागा) दुसऱ्याच कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये, आणि मध्ये टेलिकॉम कंपनीची फायबर. हे सगळं ठरवूनच केलं होतं, तरी त्या क्रॉस कनेक्टनं, म्हणजे एकाच इमारतीत दोन कंपन्यांची उपकरणं जोडणाऱ्या फायबरनं, जीव मेटाकुटीला आणला.

आमची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुरानं महामार्ग बंद पडला, तेव्हाच सर्व्हर कोल्हापुरात ठेवायचे नाहीत असं मालकांनी ठरवलं. २०२१ ला पुन्हा पाणी आलं, तेव्हा ईआरपी (कारखान्याचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) सुरळीत चालू होतं. पुढं ड्रॉइंग, कास्टिंगचे एक्स-रे आणि बॅकअप एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये जायला लागले आणि व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधूनच जाणारी एन्क्रिप्ट केलेली वाट, पुरेना.

एडब्ल्यूएसच्या कन्सोलवरून, म्हणजे वेबसाइटवरून, १ जीबीपीएसचं पोर्ट मागितलं. साधारण कामकाजाच्या ७२ तासांत एलओए, म्हणजे अधिकारपत्र मिळतं: अमुक पॅनेलच्या (फायबर जोडायच्या पट्टीच्या) अमुक पोर्टला या ग्राहकाची फायबर जोडायला आमची परवानगी आहे. इथपर्यंत काहीच त्रास नाही.

ते पत्र दुसऱ्या इमारतीच्या क्रॉस कनेक्ट विभागाकडं गेलं आणि परत आलं. "या नावाचा ग्राहक आमच्याकडे नाही." बरोबरच आहे, तिथं आमचा रॅक नाही, त्यांची ग्राहक टेलिकॉम कंपनी. टेलिकॉमवाले म्हणाले, पत्रावर आमचं नाव नाही, ऑर्डर कशी टाकायची? कुठलं नाव हवं, हे आम्ही त्यांना आधी मेलवर विचारलं होतं आणि "कुठलंही चालेल" असं उत्तर आलं होतं! पत्र डाउनलोड करताना सेवा देणाऱ्या कंपनीचं नाव भरायला एक ऐच्छिक रकाना असतो. ते भरून नवं पत्र काढलं. तेही परत आलं, कारण त्या इमारतीत टेलिकॉमची नोंद त्यांच्याच समूहातल्या वेगळ्या कंपनीच्या नावानं होती. तिसऱ्या वेळी नाव जुळलं, तर टेलिकॉमनं त्यांच्या बाजूचा पॅनेल आणि पोर्ट लिहिलाच नाही. उत्तराची वाट बघत तिकीट आपोआप बंद झालं. फोन केला तर, "साहेब, ते बंद झालंय, नवीन टाका." नवीन तिकीट रांगेच्या शेवटी. आणि या सगळ्यात घड्याळ चालूच, कारण पत्राची मुदत ९० दिवसांची. फायबर लागली नाही तरी पोर्टचं भाडंही ९० दिवसांनंतर सुरू होतं.

याचं मला अजून वाईट वाटतं. यातल्या कुणाकडूनही पाच मिनिटांत हे सुटलं असतं, पण प्रत्येकाचं काम आपल्या तिकिटापुरतं. शेवटी मीच सगळ्यांना एका कॉलवर बसवलं आणि समोरच मेल लिहून घेतला: त्या इमारतीतलं ग्राहकाचं नोंदणीकृत नाव, रॅक, पॅनेल, पोर्ट. तुम्ही पोर्ट मागायच्या आधीच हा मेल मिळवा. तो हातात आल्यावरच कन्सोल उघडा.

काम पूर्ण झाल्याचा निरोप आला, पण टेलिकॉमच्या उपकरणावर प्रकाशाचं वाचन उणे ४० डीबीएम, म्हणजे अंधारच. पाठवायची आणि घ्यायची तार उलट लागली असेल, अदलाबदल करून बघा, असं आम्ही सांगत होतो. "आमच्याकडून सगळं ओके आहे." खूप विनवल्यावर फिरवली आणि लिंक उभी राहिली. ऑफिसात अक्षरशः टाळ्या वाजल्या.

व्हीलॅन (लाइनवरचा वेगळा कप्पा) आणि बीजीपी (दोन्हीकडच्या राउटरनी एकमेकांना रूट, म्हणजे नेटवर्कचे मार्ग, कळवायची पद्धत) त्याच संध्याकाळी झालं. खासगी व्हीआयएफवर, म्हणजे या लाइनवरच्या खासगी नेटवर्कच्या आभासी जोडणीवर, तुमच्याकडून १०० पेक्षा जास्त रूट गेले तर बीजीपी सेशनच खाली येतं, म्हणून रूट एकत्र करून पाठवा. १ जीबीपीएसला ऑप्टिक (फायबर लावायचं मॉड्यूल) सिंगल मोड, १०००बेस-एलएक्स लागतं. ऑटो निगोशिएशन (दोन उपकरणांनी वेग आपसात ठरवणं) चालू आणि बंद, दोन्ही करून बघायची तयारी ठेवा. लाइन खासगी असली तरी डेटा आपोआप एन्क्रिप्ट होत नाही, हे ऑडिटवाल्यांना आधीच सांगा.

अजून एक, हे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं: गरज थोडी असेल तर अ‍ॅमेझॉनच्या भागीदार कंपनीकडून होस्टेड कनेक्शन घ्या. ते ५० एमबीपीएसपासून मिळतं आणि अ‍ॅमेझॉनपर्यंतचा क्रॉस कनेक्ट त्यांचा त्यांनी आधीच केलेला असतो. कोल्हापूर-सांगलीतल्या बहुतेक कारखान्यांना मी हेच सुचवीन.

जुनं व्हीपीएन काढू नका. दोन्हीकडून तोच रूट येत असेल तर अ‍ॅमेझॉनचा व्हर्च्युअल प्रायव्हेट गेटवे (त्यांच्या बाजूचं प्रवेशद्वार) डायरेक्ट कनेक्टलाच पसंती देतो आणि ते पडलं की व्हीपीएनवर जातो. त्यासाठी आपल्या राउटरवर बीएफडी (लाइन पडल्याचं लगेच ओळखणारी सोय) लावा; अ‍ॅमेझॉनच्या बाजूला ते चालूच असतं, पण आपण लावल्याशिवाय उपयोग नाही. आम्ही एका रविवारी मुद्दाम फायबर उपसून बघितली, ईआरपी चालू राहिलं. आता दुसऱ्या ठिकाणाहून दुसरी लाइन मागवतोय. नोंदणीकृत नावाचा मेल या वेळी आधीच आलाय.