आजोबांचे पाच पाइप : तिसऱ्यावर काम का थांबवलं

मागच्या नोंदीला दोन महिने झाले. आजोबांच्या तंबाखू ओढायच्या पाच जुन्या पाइपांपैकी दोन साफसूफ करून पूर्ण झालेत आणि तिसऱ्यावरचं काम मी मुद्दाम थांबवलंय. हे जरा सविस्तर लिहितो, कारण पहिल्या पाइपवर मी जे केलं ते कुणी नवीन मंडळींनी करू नये असं मनापासून वाटतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमचं घर सांगलीच्या गावभागातलं. आजोबांची लोखंडी ट्रंक माळ्यावर होती, म्हणून २००५ आणि २०१९ या दोन्ही पुरांतून वाचली. आजोबा कोयना धरणाच्या कामावर इंजिनिअर होते, जन्म १९२६ चा. ट्रंकेत फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळलेले पाच पाइप निघाले. मी स्वतः तंबाखू ओढत नाही, पण ते कापड उघडल्यावर जो वास आला तो लहानपणी आजोबांच्या कोटाला यायचा.

पहिला पाइप जीबीडी कंपनीचा, सरळ, ‘बिलियर्ड’ नावाच्या आकाराचा. स्टेमवर (तोंडात धरायच्या नळीवर) पितळेचा लंबगोल बसवलेला असल्याने ओळखायला वेळ लागला नाही. १८५० साली पॅरिसात धंदा सुरू करणाऱ्या तीन भागीदारांची ही आद्याक्षरं. पुढे कारखाना लंडनलाही आला, आणि माझ्या पाइपच्या शँकवर (तंबाखूच्या भांड्यापासून स्टेमपर्यंतच्या लाकडी दांड्यावर) लंडनचाच ठसा आहे. बाउलमध्ये (तंबाखू भरायच्या भांड्यात) केक, म्हणजे जळक्या तंबाखूचा कार्बन, इतका साचला होता की करंगळी जात नव्हती. कार्बनचा थर एक-दीड मिलिमीटर असला तर तो लाकडाला जपतो. त्याहून जाड झाला तर तापल्यावर त्याचं आणि लाकडाचं प्रसरण सारखं होत नाही आणि बाउलला तडा जातो. योग्य जाडीच्या लाकडी दांडीला पॉलिश पेपर गुंडाळून हाताने फिरवत तो काढला. मग बाउलमध्ये कापूस भरला, ड्रॉपरने आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी कापूस चहाच्या चोथ्यासारखा झाला होता. असं तीन रात्री केलं. शँक साफ करायला पांढरेच पाइप क्लीनर घ्या. शाळेच्या क्राफ्टचे रंगीत असतात त्यांचा रंग अल्कोहोलमध्ये सुटतो आणि लाकडात मुरतो.

इथवर सगळं ठीक होतं. पुढे हौसेच्या भरात मी शँकवरून चारशे नंबरचा पेपर फिरवला. तिथे ठोकलेल्या आकाराच्या नंबरातला शेवटचा आकडा गेला तो कायमचाच. स्टेमवर दातांचे दोन खोल खळगे होते. स्टेम व्हल्कनाइटचं आहे, म्हणजे गंधक घालून पक्कं केलेलं रबर. ते तापवलं की मूळ आकाराकडे परत येतं. उकळत्या पाण्यात धरल्यावर खळगे वर आले, उरलेले मी घासून सपाट केले. शेवटी स्टेम आरशासारखं चमकलं. तेव्हा फार आनंद झाला होता.

दुसरा पाइप पीटरसन कंपनीचा, वाकडा, सिस्टिम प्रकारचा. शँकच्या आतल्या खोलगट जागेत ओल साठते आणि स्टेमचं भोक टोकाऐवजी वरच्या बाजूला उघडतं, त्यामुळे धूर जिभेवर न येता टाळूकडे जातो. सिस्टिमचं पेटंट १८९० चं आणि वर भोक असलेल्या त्या टोकाचं १८९८ चं. यावर मात्र आधी ठसे वाचले, मगच हात लावला. खोलीत अंधार केला, मोबाइलचा टॉर्च बाजूने आडवा धरला, आणि पुसट वाटणारी अक्षरं उठून आली : ‘मेड इन द रिपब्लिक ऑफ आयर्लंड’. आयर्लंड प्रजासत्ताक झालं १९४९ मध्ये, म्हणजे पाइप त्यानंतरचा. कोयनेच्या काळाशी हे जुळतं. बाउलवर एक पोचा होता. ओलं फडकं आणि इस्त्री घेऊन तो वाफेने उठवणार होतो, तेवढ्यात साताऱ्याच्या आत्याला फोन केला. ती म्हणाली, “अरे, तो भूकंपाच्या पहाटे फडताळातून पडला. दादा (म्हणजे आजोबा) कितीतरी दिवस त्या खड्ड्यावरून अंगठा फिरवायचे. राहू दे तो.” कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. पोचा तसाच ठेवला.

पॉलिशबद्दल विचारायला मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेलो होतो. तिथल्या एका वयस्कर कारागिरांनी पाइप हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “तंबोऱ्याला आम्ही चपड्याचं पॉलिश देतो, पण याला नका देऊ. हे तापणारं लाकूड, चिकट होईल.” मी कार्नोबा मेण वापरलं. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं हे मेण ऐंशी अंशांच्या पुढे वितळतं, म्हणून हातात घेतलेल्या पाइपवर टिकतं. कापडी बफ (घोटून चमक आणणारं चाक) मंद फिरणाऱ्या मोटरवरच लावा.

चौथ्यावर एकही ठसा नाही आणि लाकडातले खड्डे गुलाबी पुट्टीने बुजवलेले आहेत. पाचव्याचं नुसतं स्टेम उरलंय.

आता तिसरा. याच्यावर कारखान्याचं नाव नाही, पण शँकभोवती चांदीचा पट्टा आहे. सराफ कट्ट्यावर ओळखीच्या सराफांनी भिंगातून पाहू दिलं : जहाजाचा नांगर, चालता सिंह आणि ‘एल’ हे अक्षर. नांगर म्हणजे बर्मिंगहॅमची तपासणी कचेरी, सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी. तिथे दर वर्षाला एक अक्षर ठरलेलं असे. बर्मिंगहॅमची एक अक्षरमाळ १९२५ ला ‘ए’पासून सुरू झाली आणि तिच्यात ‘आय’ वगळलेलं आहे. म्हणजे ‘एल’ येतं १९३५ ला. अक्षराची घडण आणि त्याभोवतीची चौकट या अक्षरांच्या तक्त्याशी तीनदा ताडून पाहिली.

१९३५ साली आजोबा नऊ वर्षांचे होते.

मग मी स्टेम नीट पाहिलं. दातांच्या खुणा डाव्या बाजूला आहेत. बाउलची कडही डावीकडे जळालेली आहे. उजव्या हाताने काडी लावणाऱ्याची कड बहुधा उजवीकडे जळते. कोयनेच्या फोटोत आजोबांचा पाइप ओठांच्या उजव्या कोपऱ्यात आहे. फोटो उलटा छापलेला नाही ना, हे शर्टाच्या खिशावरून तपासलं. पीटरसनची कड उजवीकडे काळी आहे, त्याच्या खुणाही उजवीकडेच आहेत. जीबीडीच्या खुणा कुठल्या बाजूला होत्या ते आता सांगता येत नाही, कारण मीच त्या घासून टाकल्या. कामाआधी फोटोही काढला नव्हता. याचं फार वाईट वाटतं.

आत्याला पुन्हा फोन केला. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “माझे आजोबा डावरे होते. जेवताना कितीदा डावा हात पुढे यायचा, आजी रागवायची. पण ते पाइप ओढायचे असं मला कधी कुणी सांगितलं नाही.” म्हणजे माझे पणजोबा. ते सांगली संस्थानात नोकरीला होते, एवढंच घरात सांगितलं जातं. पाइप त्यांचा असेल, किंवा आजोबांना कुणा डावऱ्या साहेबाने दिलेला असेल.

म्हणून तिसऱ्याचा केक अजून काढलेला नाही. कड घासलेली नाही, चांदी फक्त मऊ फडक्याने पुसली. स्टेमवर उन्हाने आलेला हिरवट पिवळा थर आहे तसा ठेवून वर पॅराफिन तेलाचा हात दिला. सगळ्या बाजूंनी फोटो काढले, खुणांची खोली आणि कडेपासूनचं अंतर मोजून वहीत लिहिलं. येत्या रविवारी आत्या जुना अल्बम घेऊन सांगलीला येतेय. त्यात पणजोबांचे दोन फोटो आहेत, एक बसलेला आणि एक कचेरीच्या पायऱ्यांवरचा. दुसऱ्यात त्यांच्या हातात काहीतरी आहे, असं ती म्हणते.